खिंडीतली चौथी नळी

मी एक जुनी नळी आहे. नळी म्हटलं की तुम्हाला पाण्याची नळी आठवेल, फार तर शाळेच्या प्रयोगशाळेतली काचेची. मित्रांनो, मी त्यांतली नव्हे. मी बर्फ मोजणारी नळी. लांबीला तुमच्या हाताएवढी, मनगटाएवढी जाड, अंगावर बोटाबोटाच्या अंतराने खुणा, आणि आतला बर्फ दिसावा म्हणून बाजूला एक लांब खाच. माझ्या खांद्यावर चारचा आकडा कोरला आहे. ज्या भांडारात मी आज पडून आहे, ते माझं घर नाही. माझं घर डोंगराच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या देशात आहे.

त्या माझ्या देशात एक नदी उगम पावते आणि खाली या देशात येते. वर आमचं धरण, खाली यांचं शहर. डोंगरात बर्फ किती साठला यावर उन्हाळ्यात नदीला पाणी किती येणार ते ठरतं. आता गंमत अशी, की बर्फाचं ते मैदान नेमकं सीमेवरच्या खिंडीत. एकाने मोजायला जावं, तर दुसऱ्याने संशय घ्यावा. त्यामुळे कुणीच मोजत नव्हतं, आणि पाणी मात्र दोघांच्याही नाकातोंडात जात होतं. शेवटी दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांनी आपापल्या सरकारांना गळ घातली. दोन्ही देशांनी निम्मा निम्मा पैसा घालून एक सामाईक निधी उभा केला. अट एवढीच, की माणसं दोन्हीकडची आणि अवजारही अर्धं अर्धं. म्हणून सहा नळ्यांपैकी पहिल्या तिघी इथे खाली घडल्या, आणि आम्ही मागच्या तिघी वर.

मला घडवलं एका म्हाताऱ्या कातारीबाबांनी. लेथवर बसून त्यांनी माझ्या दोन्ही टोकांना आटे पाडले, कारण सहाही जणी एकीत एक फिरवून बसल्या तरच दोन पुरुष खोल बर्फाच्या तळाला पोचणार होतो. बर्फ मोजायचं काम आमच्याकडच्या ताईंवर सोपवलेलं होतं. ताई इतक्या उंच की कारखान्याच्या दारातून वाकून येत. त्यांनी पोस्टाने आलेलं रेखाचित्र बाबांपुढे ठेवलं.

"बाबा, पलीकडच्यांनीही याच मापाने आटे पाडलेत. जुळतील ना?"

"कागदावर सगळंच जुळतं गं," बाबा म्हणाले. "पलीकडच्या कातारीचा हात कसा आहे, मला काय ठाऊक? मी आपलं माझं काम चोख करतो. तोही असंच म्हणत बसला असेल, तर जुळेल."

खिंडीतल्या दगडी खोलीत आमची गाठ पडली. खालच्या देशातून एक बुटके, गोलमटोल गृहस्थ आले होते. त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांनी आपल्या तीन नळ्या जोडल्या, ताईंनी आम्हा तिघींना जोडलं, आणि मग खालच्यांची तिसरी माझ्यात बसवायला घेतली. दोन फेरे झाले आणि आम्ही अडलो. ना पुढे, ना मागे. दोन्हीकडचे साहेब एकमेकांकडे असे पाहू लागले, की जणू लढाईच पेटायची.

दादांनी खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला. "बोटात अंगठी अडकली तर आपण अंगठीला शिव्या देतो का? साबण लावतो." त्यांनी माझ्या आट्यांवर मेण घासलं, तिसरीलाही लावलं आणि हलक्या हाताने फिरवलं. "गेली!"

त्या दिवसापासून तिसरी आणि मी मैत्रिणी झालो. बाकीच्या आपापल्या बहिणींना चिकटलेल्या होत्या. दोन देशांचा सांधा मात्र आमच्या दोघींत होता.

अकरा हिवाळे आम्ही काम केलं. ताई आणि दादा आम्हाला बर्फात उभं रोवत, फिरवत फिरवत तळापर्यंत नेत, वर ओढून काट्याला अडकवत. बर्फासकटच्या वजनातून आमचं वजन वजा केलं, की उरलं ते पाणी. मग एक सुंदर गोष्ट व्हायची. ताई तो आकडा दादांच्या भाषेत म्हणायच्या आणि दादा ताईंच्या भाषेत. दोघांना एकच आकडा ऐकू आला तरच तो वहीत लिहायचा. पहिल्या वर्षी दादांनी 'साठ'च्या जागी 'सासरा' असा काहीतरी शब्द उच्चारला, आणि ताई हसत हसत बर्फात बसल्या.

एका वर्षी आकडा फारच मोठा निघाला. ताईंनी धरणाला कळवलं, दादांनी शहराला. धरण आधीपासून हळूहळू रिकामं केलं, शहरातली नदीकाठची खालची गल्ली वेळेत मोकळी झाली. पाणी आलं, पायऱ्या चाटून निघून गेलं. वर्तमानपत्रात छायाचित्र आलं. त्याखाली आमची नावं नव्हती, पण त्यात सगळ्यांत उंच आम्हीच होतो!

आणि मग मित्रांनो, दोन्हीकडच्या मोठ्या साहेबांचं आपसात बिनसलं. कशावरून ते मला आजवर कळलेलं नाही. निधीची मुदत संपली, ती कुणी वाढवली नाही. आपापलं सामान घेऊन परत या, असा दोन्हीकडून हुकूम सुटला.

शेवटच्या दिवशी खोलीत दोन पेट्या उघड्या होत्या. ताई आम्हाला सुट्या करत होत्या. तिसरी आणि मी वेगळ्या झालो तेव्हा आट्यांचा जो आवाज झाला, तो अजून माझ्या अंगात आहे.

"तुमच्या तीन तुम्ही, माझ्या तीन मी," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

दादांनी दोन्ही पेट्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताई, एक चूक करू या का?"

"कसली?"

"तुमची चौथी माझ्या पेटीत जाऊ द्या, आमची तिसरी तुमच्या. सामान चुकलं, की कुणीतरी कुणाला तरी पत्र लिहिणारच."

"आणि कुणाच्या लक्षातच नाही आलं तर?"

"आमच्याकडे भांडारबाई आहेत. त्यांच्या नजरेतून टाचणी सुटत नाही."

ताईंनी मला उचललं, क्षणभर हातात धरलं आणि दादांच्या पेटीत ठेवलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, माझ्या बहिणी तिकडे चालल्यात! पण नळीला कुठला आवाज.

अशी मी परक्या भांडारात आले. भांडारबाईंनी पेटी उघडली. "एक, दोन... चार? तिसरी कुठाय?"

"गडबडीत अदलाबदल झाली असेल," दादा छताकडे पाहत म्हणाले.

"गडबडीत माणूस चष्मा विसरतो, दादा. नळीचा क्रमांक बदलत नाही."

त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं. चार महिन्यांनी ताईंच्या सहीचं उत्तर आलं: आपली तिसरी आमच्याकडे सुरक्षित आहे, आमची चौथी कशी आहे?

"कशी आहे म्हणजे?" बाई कडाडल्या. "नळी आहे ती, पाहुणी नाही!" पण त्या उठल्या, मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं, उजेडात धरून पाहिलं आणि लिहिलं: चौथी सुस्थितीत आहे.

दोन्ही देशांतला बाकी सगळा पत्रव्यवहार बंद पडला होता. आमचा मात्र चालू राहिला, कारण नळी आधी कुणी पाठवायची हे ठरेना. उत्तर आलं, की दादा स्टुलावर बसून ऐकत. एकदा म्हणाले, "बाई, नळीला मेण लावता का, तेवढं विचारा ना." बाईंनी कुरकुरत विचारलं. उत्तर आलं: दर हिवाळ्यात लावतो. तुम्हीही लावत असालच. दादांनी ते पत्र दोनदा वाचायला लावलं. तेव्हापासून प्रत्येक पत्रात दादा मेणाची एक ओळ घालायला लावत.

मी फळीवर पडल्या पडल्या विचार करी, तिसरी माझ्या घरी आहे. माझ्या बहिणींच्या शेजारी निजते. कातारीबाबांच्या लेथचा आवाज तिला ऐकू येत असेल. मी तिच्या घरी, ती माझ्या घरी, आणि दोघींनाही घर नाही.

सहाव्या उन्हाळ्यात नदी न सांगता आली. वर धरणात किती पाणी उतरणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते अचानक भरलं, दारं एकदम उघडावी लागली. माणसं वाचली, पण खालची गल्ली छपरापर्यंत बुडाली. त्या गल्लीत भांडारबाईंच्या थोरल्या बहिणीचं घर होतं.

दुसऱ्या दिवशी बाई चिखलाच्या चपलांनीच भांडारात आल्या. त्यांनी पेटी उघडून आम्हा तिघींना टेबलावर मांडलं आणि दादांना बोलावलं.

"सहा वर्षं मी यांचे क्रमांक लिहितेय. यांचा उपयोग काय, ते मला आज सांगा."

दादांनी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग तीन नव्या करून घेऊ. त्यात काय एवढं?"

"नळ्या करता येतील हो, बाई. खिंडीत पाय ठेवायला दोन्हीकडच्या सह्या लागतात. त्या कुठल्या लेथवर करायच्या?"

त्यानंतर बाईंची पत्रं बदलली. सामान पोस्टाने पाठवणं नियमात बसत नाही. समक्ष, खिंडीत, दोन्ही बाजूंच्या उपस्थितीत, बर्फ असताना ताब्यात द्यावं, असं त्या लिहू लागल्या. 'बर्फ असताना' हे कुठल्या नियमात होतं, कुणी विचारलं नाही. तीन वर्षं त्या या टेबलावरून त्या टेबलावर फिरल्या. नवव्या हिवाळ्याच्या शेवटी एका दिवसाची परवानगी आली.

खिंडीत बाई स्वतः आम्हाला घेऊन चढल्या. दगडी खोलीत ताई उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, उंची तीच. त्यांनी बाईंच्या मागे दाराकडे पाहिलं.

"दादा नाही आले?"

बाईंनी पेटी खाली ठेवली. "दादा दोन वर्षांपूर्वी गेले. कळवणार होते मी. पण पत्रव्यवहार नळ्यांचा. माणसांबद्दल लिहायला त्यात जागा नव्हती."

ताई बाकावर बसल्या. म्हणाल्या, "तरीच. दोन वर्षं मेणाबद्दल कुणी विचारलं नाही."

मग त्या उठल्या. दोघींनी पेट्या उघडल्या. पहिली, दुसरी, तिसरी. आणि तिसरी माझ्यात फिरली. मित्रांनो, नऊ वर्षांनी! एकही फेरा अडला नाही. पाचवी आणि सहावी माझ्या खांद्यावर आल्या. आम्ही बर्फात उतरलो, थेट तळापर्यंत. ताईंनी काट्यावरचा आकडा बाईंच्या भाषेत म्हटला. बाईंनी तो अडखळत ताईंच्या भाषेत म्हटला. आकडा मोठा होता.

"खालची गल्ली..." ताई म्हणाल्या.

"उतरल्या उतरल्या सांगते," बाई म्हणाल्या. "तुम्ही धरणाचं बघा."

बाहेर साहेब लोक घड्याळं पाहू लागले. आम्हाला सुटं केलं. ताईंनी मला आपल्या पेटीत ठेवलं, पाचवीच्या शेजारी. त्या पेटीला आमच्या कारखान्याच्या तेलाचा वास होता. मी घरी निघाले होते!

भांडारबाई तिसरीला उजेडात फिरवून फिरवून पाहत होत्या.

"हिच्यावर ओरखडा आहे," त्या म्हणाल्या.

"कुठे?" ताई जवळ आल्या. कुठेच नव्हता.

"खराब सामान मला ताब्यात घेता येणार नाही. आमची चौथी... म्हणजे तुमची चौथी, मलाही सोडता येणार नाही. वरिष्ठांना पत्र लिहावं लागेल. उत्तर आलं, की पुन्हा इथेच यावं लागेल. बर्फ असताना."

ताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "मी या वर्षी निवृत्त होतेय. पुढच्या वेळी दुसरी कुणी येईल."

"तिलाही दाखवीन ओरखडा."

"फार मोठा आहे का?"

"बराच," बाई म्हणाल्या. "एका हिवाळ्यात मिटेल असं काही दिसत नाही."

ताईंनी मला उचललं, माझ्या चारच्या आकड्यावरून अंगठा फिरवला आणि स्वतःच्या हाताने बाईंच्या पेटीत ठेवलं. झाकण लागलं.

त्या उन्हाळ्यात खालची गल्ली वेळेत मोकळी झाली. एक म्हातारीसुद्धा भिजली नाही.

मी अजून इथेच आहे. मला घरी जायचं नाही, असं खोटं कशाला सांगू? फळीवर पडून मी रोज तिकडचीच वाट पाहते. म्हणतात, नव्या सामाईक निधीचा कागद दोन्ही देशांत फिरतो आहे, सह्या राहिल्यात. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी शास्त्रज्ञ होईल, कुणी कातारी, कुणी सह्या करणाऱ्या खुर्चीत बसेल. तेव्हा माझ्यासारखीला गंजू देऊ नका, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या माणसांना एकमेकांपासून तोडू नका. आणि कागद तुमच्यापुढे आलाच, तर फार विचार करत बसू नका. बर्फाला वितळायला कुणाची सही लागत नाही.