नसलेली कमान

आमच्या गल्लीची उत्सवातली बाहुली दोन माणसं उंच आहे. आत बांबूचा सांगाडा, वर मी शिवलेला झगा. वर्षातून एकदा तिला खांद्यावर घेऊन आम्ही मिरवणूक काढतो आणि कापड कारखान्याची कमान आली की तिला आडवी करतो, कारण उभी ती कमानीतून जायची नाही. आता तिथे कमान नाही. रस्ता रुंद करताना पाडली, कारखानाही गेला. आम्ही मात्र बाहुली अजून तिथेच आडवी करतो. बघणारे हसतात. हसू देत. माझा चुलतभाऊ कमान पाडल्यानंतर जन्मला, तरी त्याचे गुडघे बरोबर त्याच जागी वाकतात.

यंदा पालिकेच्या साहेबांनी बजावलं, मोठ्या रस्त्यावर बाहुली आडवी करायला थांबायचं नाही. थांबलात तर पुढच्या वर्षीची परवानगी विसरा. परवानगी काकांच्या नावावर निघते. त्यांनी हायच खाल्ली.

"पोरी, या वर्षी सरळ चल," ते म्हणाले. "उत्सव टिकला तर सगळं टिकेल."

"सरळच जायचं तर ट्रकवर टाका की तिला! माझ्या आईचा जन्म गेला त्या कमानीखालून ये-जा करण्यात. तिची दुसरी काय खूण उरलीय या शहरात?"

"तुझं डोकं फिरलंय."

"फिरलंयच!"

मिरवणुकीत पुढच्या बांबूला मी होते, मागच्या बांबूला काका. जागा जवळ आली तर रस्त्याच्या कडेला साहेब हाताची घडी घालून उभे. "चला, चला, थांबू नका!" काका मागून ओरडले. मला त्यांची दया आली, पण संताप त्याहून मोठा होता.

"आडवी!" मी ओरडले.

सगळ्यांचे गुडघे वाकले. काकांचेही.

साहेब तरातरा पुढे आले. "अहो, कमान आहे कुठे इथे?"

"आहे ना. आणि तुम्ही तिच्या भिंतीत उभे आहात. बाजूला व्हा."

साहेबांनी पायांखाली पाहिलं आणि चक्क दोन पावलं बाजूला सरकले. गर्दी खो खो हसली. बाहुली आडवी होऊन डौलात पलीकडे गेली.

परवानगी गेली ती गेलीच. आठवड्याने काका स्वतःच विचारायला आले, पुढच्या वर्षी झग्याला रंग कोणता? आम्ही विनापरवाना निघणार आहोत. साहेब अडवायला येतीलच. येऊ देत. भिंत कुठे आहे, ते आता त्यांनाही ठाऊक आहे.