सामुराईची पहिली बायको

पलंगाखाली बॅग उघडी पडून होती. ती दिसली की हमीदाबीचे गुडघे जास्तच दुखायचे. अर्धे कपडे तिचे, अर्धे नवऱ्याचे, अजीजमियाँचे. दाभोळला कायमचं परत जायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे तिनं ठरवलं होतं. मियाँ नुसतेच ‘इन्शाल्ला’ म्हणत लोळत होते.

आखातातल्या अजमानमध्ये, लेकाच्या त्या दोन खोल्यांच्या घरात नात इन्शा शाळेचा प्रोजेक्ट वाचून दाखवत होती. गोरे लोक जपानात सामुराई कसे झाले त्याचा. विल्यम अ‍ॅडम्स म्हणून एक इंग्रज, जहाजाचा पायलट. हालहाल होऊन किनाऱ्याला लागला. तिथल्या सरदारांच्या सरदाराला त्याचं ज्ञान आवडलं. त्यानं मानाच्या दोन तलवारी दिल्या, जमीन दिली, नवं नाव दिलं; फक्त घरी जाऊ दिलं नाही.

“पायलट!” अजीजमियाँ उठून बसले. बायकोला दाभोळला ठेवून फुजैराच्या बंदरात उभा जन्म त्यांनी पायलटची बोट चालवली होती. मोठ्या जहाजाला वाट दाखवणारा तो माणूस, त्याला शिडीपर्यंत पोचवायचा. “कदर म्हणतात ती ही. अजून आठवण ठेवतात का त्याची?”

“येस दादा! एव्हरी इयर देअर्स अ फेस्टिव्हल.”

हमीदाबी कोळंबी सोलत होती. “आणि घरी कोण होतं त्याचं?”

“फर्स्ट वाइफ. मेरी. अँड अ डॉटर.”

“मेरीची जत्रा कुठे भरते?”

“दादी, शी जस्ट स्टेड इन इंग्लंड.”

“जस्ट म्हणे! विहिरीचा पंप बिघडला, सासू अंथरुणाला खिळली, पोरीला मागणी आली, की कळतं जस्ट म्हणजे काय ते. मग? सोडलंच नाही त्याला?”

“परमिशन मिळाली लेटर. बट ही डिडन्ट गो.”

हमीदाबीचे हात थांबले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा एसीकडे पाहत होता.

“बोला, कॅप्टन.”

इथल्या मासळी बाजाराबाहेरच्या बाकावर पोरं त्यांना कॅप्टन म्हणायची.

“हमीदा, गावात मला ओळखतं कोण? मशिदीत विचारतात, हे कुणाचे पाहुणे? इथं चहावाला उठून सलाम करतो. तूच राहा ना इथं. फहद ठेवतोय की आपल्याला.”

“ठेवतोय! मी काय फ्रीज आहे, तुमच्या लेकानं कोपऱ्यात ठेवायला?” तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला; भांडायलाही आता दम लागत होता. “त्या घराची कौलं मी बदलली, मियाँ. मला विचारल्याशिवाय मोहल्ल्यात लग्न ठरत नाही. तुमच्या तलवारी इथं, माझ्या तिथं.”

“मग तू जाणार?”

“तुमची वाट बघायची तेवढी बघून झाली.”

तिनं हात धुतले, बॅग ओढून घेतली. त्यांचे सदरे एकेक काढून कपाटात लावले. मियाँनी मध्ये आलेले पाय तेवढे वर घेतले. बॅग अर्धी पोकळ झाली. तिनं तशीच चेन लावली.

“इन्शा, मेरीचं नाव मोठ्या अक्षरांत लिही गं.”

मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “लुंग्या खालच्या खणात आहेत, बीपीच्या गोळ्या वरच्या. नंतर फोन करकरून विचारू नका.”