हळकुंडाचं पाप

औंढ्याहून सिद्धेश्वरच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, तातेरावच्या आंब्याखाली घातलेल्या मांडवात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पो भरभरून माणसं उतरत होती. ऐन हळदीचे दिवस. शिवारात हळद शिजत होती, ताडपत्र्यांवर वाळत होती, आणि निम्मी माणसं कामावरून उठून थेट इथं आली होती. कोपरापर्यंत पिवळे हात तसेच होते. कारण महाराजांचा हुकूमच होता: "जसे असाल तसे या. हातपाय धुवत बसू नका. धुतलं की पाप आत दडतं."

महाराजांचं नाव हरितानंद. लोक म्हणत पाल्याचे महाराज. टीबी असो, कावीळ असो, वर्षभर न हटणारा ताप असो, त्यांच्याकडं सगळ्यावर एकच इलाज होता: चाळीस दिवस फक्त पाला. डाळ बंद, भाकर बंद, दूध-अंडं-मटण तर बंदच, आणि गोळ्यांचं तर नावसुद्धा काढायचं नाही. नुसत्या पाल्यावर जगणाऱ्या या माणसाचं पोट एवढं सुटलेलं कसं, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नव्हता.

"हत्ती काय खातो?" महाराज गरजले.

"पाला!"

"हरीण काय खातं?"

"पाला!"

"हत्तीला कधी टीबी झाला? हरणाला कधी सलाईन लागली? मग माणूसच काहून दवाखान्याच्या पायऱ्या झिजवून राहिला?"

माणसं माना डोलवू लागली. मग एक नवीन रोगी पुढं आला. महाराजांनी त्याचे दोन्ही तळवे वर धरले, शेजारच्या स्टीलच्या लोट्यातलं नितळ पाणी त्यावर ओतलं आणि डोळे मिटले. बघता बघता तळवे लालभडक झाले. बोटांवरून लाल थेंब खाली पडले.

"बघा! जन्मभर खाल्लेल्या कोंबड्या-बकऱ्यांचं रक्त! निघालं बाहेर!"

बायांनी पदर तोंडाला लावले. कुणीतरी जयजयकार केला. त्यानंतर चाळीस दिवस पाला खाल्लेला एक भक्त आला. त्याच्या हातावर तांब्याच्या लोट्यातलं पाणी पडलं आणि हात होता तसा राहिला. शुद्ध! पुन्हा जयजयकार.

गर्दीच्या मागं संगिता उभी होती. शेजारच्या तांड्यावरची सून, चार गावांचं आरोग्य बघणारी आशाताई. तिच्या पिशवीत वजनकाटा होता आणि डोक्यात संताप. ती चमत्कार बघायला आली नव्हती. दुसऱ्या रांगेत मांडी घालून बसलेला भागवत तिला हवा होता.

भागवतला दिवाळीत टीबी निघाला तेव्हा त्याचं वजन एकेचाळीस किलो होतं. संगिताच्या देखरेखीत चार महिने गोळ्या झाल्या, खोकला थांबला, वजन सत्तेचाळीसवर गेलं. आता फक्त दोन महिने उरले होते. आणि तीन आठवड्यांपूर्वी हा गडी महाराजांकडं आला आणि त्यानं गोळ्या बंद केल्या. अर्ध्यावर सोडलेला टीबी दुप्पट जोरानं उलटतो, मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही, हे संगितानं त्याला किती वेळा सांगितलं असेल! घरात सहा वर्षांची सृष्टी होती, तिला दिवसभर बापाच्या अंगाखांद्यावर खेळायची सवय. त्या लेकरालाही लागण व्हायला वेळ लागला नसता. दवाखान्यातले डॉक्टर म्हणत होते, त्याला एकदा घेऊन तरी या. आता मोठ्या बाप्याला काय खांद्यावर टाकून न्यायचं?

त्या गुरुवारी लोक उठल्यावर तिनं त्याला रस्त्यातच गाठलं.

"भागवतभाऊ, वजन करा बरं."

"कशाला, ताई? मला लई हलकं वाटून राहिलंय."

संगितानं त्याला काट्यावर उभं केलं. "हलकंच वाटणार! चव्वेचाळीस भरलं. तीन किलो गेलं तुमचं."

"ते पाप गेलं," भागवत शांतपणे म्हणाला. "आन् तुमच्या गोळ्यांनी लघवी लाल व्हत होती माझी. रक्त जाऊन राहिलं होतं रक्त! पाला सुरू केला आन् दोन दिवसांत पाण्यावानी साफ झाली. ह्याला काय म्हणाल?"

"अवो, तो गोळीचा रंग हाय! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना मी, लाल व्हईल, भिऊ नका? गोळी सोडली, रंग गेला. त्यात पाल्यानं काय केलं?"

भागवत हसला. अडाणी माणसाला शहाणा माणूस हसतो, तसा. संगिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने उन्हातान्हात दारी जाऊन जाऊन गोळ्या चारल्या, आणि लोटाभर पाण्यानं सगळं धुवून नेलं.

मंगळवारी ती पुन्हा त्याच्या घरी गेली. भागवत बाजेवर पडून होता. समोर वाटीत तरोट्याचा पाला. खोकला परत सुरू झालेला. अंगणात त्याची बायको मिना दगडावर धुणं आपटत होती, आणि त्याची आई द्वारकाबाई उंबऱ्यात बसून माळेचे मणी ओढत होती. द्वारकाबाई माळकरी. जन्मात मटणाला शिवली नव्हती.

"पाल्याखाली डाळ लपवून दिली मी," मिना दबक्या आवाजात म्हणाली, "तर येक येक दाणा येचून बाजूला काढला. आता काय करू, ताई?"

संगिताचं लक्ष मिनाच्या हातांकडं गेलं. मिना सासूचं लुगडं धूत होती. द्वारकाबाई सकाळीच हळदीच्या खळ्यावर जाऊन आलेली, त्यामुळं पदर पिवळाजर्द. मिनानं त्यावर साबण घासला आणि पिवळा पदर लालभडक झाला. दगडावरून लाल पाणी वाहत गेलं.

संगिता ताडकन उभी राहिली.

"हे काय झालं?"

"काय झालं?" मिना गोंधळली. "हळदीला साबण लागला की लाल व्हतंच की. तुमच्या तांड्यावर न्हाई व्हय होत?"

होत होतं. दरवर्षी होत होतं. संगितानं स्वतः असली शेकडो लुगडी धुतली होती. हळदीच्या मुलखात जन्म गेला आणि महाराजाच्या लोट्यापुढं आपली अक्कल कुठं चरायला गेली होती, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"मावशी," तिनं द्वारकाबाईला विचारलं, "साबणाशिवाय आणखी कशानं लाल व्हते हळद?"

"चुन्यानं. माझी माय घरीच कुंकू करायची. हळदीला चुन्याचं पाणी पाजायचं, मंग लाल व्हतं."

"आन् महाराजाकडं हात लाल व्हतात ते?"

"ते येगळं," द्वारकाबाई ठामपणे म्हणाली. "ते पाप असतंय."

संगितानं कपाळावर हात मारून घेतला. कुंकू करायचं ज्ञान याच घरात, हळद याच घरात, आणि तरी ते पाप! माणसाला माहीत नसतं म्हणून तो फसतो, असं तिला आजवर वाटत होतं. इथं तर सगळं माहीत होतं. फक्त महाराजाचा मांडव आला की ते माहीत असलेलं चपलांसोबत बाहेर ठेवायचं, एवढंच.

"मावशी, गुरुवारी माझ्यासंगं येता का?"

"महाराजाकडं? येते की! भागवतसाठी नवस बोलायचाच हाय."

गुरुवारी गर्दी आणखी वाढली होती. भागवत पुढं बसला होता, मिनाही सृष्टीला घेऊन मागं उभी होती. हत्ती झाला, हरीण झालं. नवीन रोग्यांना बोलावणं झालं तशी संगिता द्वारकाबाईला घेऊन पुढं गेली. म्हातारीच्या गळ्यात तुळशीची माळ, हात पिवळे. महाराजांनी माळ बघितली आणि त्यांचा हात तांब्याच्या लोट्याकडं वळला.

"तो न्हाई, महाराज," संगिता मोठ्यानं म्हणाली. "पहिल्यांदाच आल्यात त्या. सगळ्यांना जो, तोच लोटा घ्या. का लोट्यालोट्यात फरक हाय?"

गर्दीतून हशा आला. आता मागं फिरणं कठीण होतं. महाराजांनी स्टीलचा लोटा उचलला, पाणी ओतलं, आणि द्वारकाबाईचे तळवे लालभडक झाले. म्हातारी आपल्याच हातांकडं खुळ्यासारखी बघत राहिली.

"पांडुरंगा! म्या तर जन्मात खाल्लं न्हाई!"

"तुम्ही नाही खाल्लं, माई," महाराज क्षणात सावरले. "सुनेनं अंडं शिजवलं असेल. त्याच भांड्यातलं अन्न पोटात गेलं."

"वा वो महाराज!" मागून मिना कडाडली. "सासूची चूल येगळी, भांडी येगळी! माझ्या घरात कोणतं भांडं कुठं असतंय ते तुमी मला सांगता व्हय?"

लोक पुन्हा हसले, पण यावेळचं हसणं वेगळं होतं. संगितानं तेवढ्यात पदराच्या गाठीतून एक हळकुंड काढलं, सगळ्यांना दाखवलं आणि कटकन मोडलं. पिवळाधमक तुकडा वर धरून तिनं महाराजांच्याच स्टीलच्या लोट्यात बुडवला. बाहेर काढला तेव्हा तो रक्तासारखा लाल होता.

"बघा बरं सगळ्यांनी! ह्या हळकुंडानं कोणत्या जन्मी कोंबडी खाल्ली होती?"

"लोट्यात मंत्र आहे!" महाराज ओरडले.

"व्हय का? तातेरावकाका, तुमची चुन्याची डबी द्या."

तातेराव तंबाखू खाणारा, डबी कायम खिशात. संगितानं आपल्या बाटलीतलं पाणी एका वाटीत ओतलं, त्यात बोटभर चुना कालवला आणि हळकुंडाचा दुसरा तुकडा बुडवला. तोही लाल झाला.

"आता तातेरावकाकाच्या डबीत कोणता मंत्र हाय? लोट्यात चुन्याचं नितळ पाणी, तुमच्या हातावर खळ्यावरची हळद. म्हणून तर हात धुऊन येऊ देत न्हाईत! आन् तांब्याच्या लोट्यात निस्तं पाणी. झाला शुद्ध!"

मग तिनं महाराजांच्याच मांडवाला टांगलेलं एक लिंबू ओढून काढलं, चावून फोडलं आणि द्वारकाबाईच्या तळव्यांवर पिळलं. लाल हात पुन्हा पिवळे झाले.

"घ्या मावशी, फिटलं पाप! चाळीस दिवस पाला खायची गरज न्हाई."

मांडव हसून हसून लोटपोट झाला. तातेरावनं डबी परत घेतली आणि महाराजांना आंब्याखालून सामान उचलायला सांगितलं. महाराजांनी पाखंडी, धर्मबुडवे असं बरंच काही ऐकवलं आणि जीपमध्ये बसले. तरीही दोन बाया जीपमागं धावल्या, जाता जाता पाल्याचं चूर्ण तरी द्या म्हणून. संगितानं ते पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

भागवत जागचा हलला नव्हता. माणसं पांगली तरी तो मांडीवर हात ठेवून बसून होता. संगिता त्याच्यासमोर बसली.

"आता तरी पटलं का?"

"लोटा पटला," तो म्हणाला. मग खोकल्याची उबळ आली, ती ओसरली तसा तो पुढं बोलला. "पन ताई, एक सांगू? बिमार असताना माझ्यासाठी रोज कोंबडीचं काही ना काही चाललेलं. एक दिवस माझ्यासमोर कापली. लई तडफडली. मी स्वतः मरता मरता वाचलेला माणूस. तवाच ठरवलं, आता न्हाई खायचं. पन घरचे, तुमी, सगळे अंडं खा, अंडं खा. माझं कोणी ऐकूनच घेईना. ह्या महाराजानं पहिल्यांदा म्हणलं, नको खाऊ."

हे तिच्याच हातून झालेलं होतं. तिनं चार महिने अंड्याचा धोशा लावला होता आणि हा माणूस नको का म्हणतो, हे एकदाही विचारलं नव्हतं. तिनं सोडलेल्या जागेत महाराज येऊन बसले होते.

"चुकलं माझं, भाऊ," ती म्हणाली. "नका खाऊ अंडं. मटण बी नका खाऊ. कोण जबरदस्ती करतंय? पन तुमच्या शेतात तूर हाय, हरभरा हाय, सोयाबीन हाय. घरात भुईमूग हाय. पोटभर वरण-भाकर खा, उसळी खा, मूठभर फुटाणे-शेंगदाणे खिशात ठेवा. त्याच्यानं बी अंग भरतं. पालेभाजी खा, पन भाजी म्हणून खा. हत्ती दिवसभर खातच असतो, त्याला दुसरं काम न्हाई. तुमाला हाय. आन् गोळीच्या जागी काहीच चालत न्हाई. ना पाला, ना अंडं, ना महाराज."

भागवतनं बोटांवर आठवडे मोजले.

"गेलेले चार आठवडे भरून निघतील का, ताई?"

"ते मला न्हाई माहीत," संगिता खरं तेच बोलली. "बेडका तपासावा लागंल. मंग डॉक्टर सांगतील, कुठून सुरू करायचं ते. उद्या जाऊ."

"उद्या कशाला?" तो गुडघ्यावर हात देऊन उठला. "आजच चला. आन् सृष्टीला बी घ्या. तिची बी तपासणी करून टाकू."

मिनानं डोळ्यांना पदर लावला. निघताना द्वारकाबाईनं भागवतच्या खिशात फुटाण्याची पुडी कोंबली आणि औंढ्याच्या टेम्पोत ती सगळ्यांत आधी जाऊन बसली.

काय खावं, काय खाऊ नये, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पाला खाणारा शुद्ध नसतो आणि अंडं खाणारा पापी नसतो. पण जो कुणी तुमची गोळी सोडायला सांगून हातावर चमत्कार दाखवेल, त्याच्यापुढं हात जोडण्याआधी ते स्वच्छ धुऊन या. आणि तरीही चमत्कार झालाच, तर आपल्या हाताऐवजी एक हळकुंड पुढं करून बघा.