क्लच न दाबता

डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बजावून सांगितलं होतं, श्रम करायचे नाहीत. हे शहाण्यासारखे 'बरं' म्हणाले आणि दुसऱ्याच आठवड्यात मल्लिक बाजारातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक लोखंडी धूड हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. दोन हमालांनी ते अंगणात टाकलं तेव्हा माझी तुळशीची कुंडी उलटली.

"हे काय आणलंत?" मी विचारलं.

"औषध," हे म्हणाले.

माणूस असा. भांडायची सोयच नाही. मी आकाशपाताळ एक करावं आणि ह्यांनी चष्मा पुसत 'तुझं बरोबर आहे' म्हणावं, आणि करायचं तेच करावं.

गोष्ट त्र्याहत्तर सालची. कलकत्त्यात गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहत होतो. हे, म्हणजे दिगंबर, रेल्वेत इंजिनियर. मूलबाळ नाही. मुलाच्या जागी एक डॉज पिकअप होती. लढाईच्या काळातली अमेरिकन गाडी, लष्कराच्या लिलावात घेतलेली. इंजिनाची ताकद चारी चाकांना जाते, त्यामुळे चिखल, वाळू, डोंगर, कशातूनही जाईल असं हे कौतुकाने सांगायचे. कलकत्त्यात डोंगर कुठला? पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून भाजी आणायला तिचा उपयोग व्हायचा. आणि वर्षातून एकदा आमच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती तिच्यात बसून विसर्जनाला नदीवरच्या बाबूघाटावर जायचा.

ती मिरवणूकच ह्यांच्या जिवावर उठली होती. मिरवणुकीतली गाडी चालवायची म्हणजे पुढे लेझीम खेळणाऱ्या बायकांच्या पावलाने चालवायची. पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी त्यांच्या अंगावर जाते, म्हणून सारखा क्लच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. त्या डॉजचा क्लच म्हणजे अख्ख्या पायाची ताकद लागायची. आदल्या वर्षी विसर्जन करून आले ते पायरीवरच बसले. शर्ट घामाने चिंब, ओठ काळेनिळे. त्यानंतर तीन आठवडे हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, पुन्हा असा ताण घेतला तर मी जबाबदार नाही.

मी मंडळाला सांगून टाकलं, पुढच्या वर्षी दुसरी गाडी बघा. तर हे औषध आलं.

ह्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. गाडीच्या गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर म्हणतात. ती इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देते. तिचा छोटा दांडा ओढला की गाडीचा वेग निम्म्याने उतरतो आणि जोर दुप्पट होतो. "आता या पेटीच्या मागे अशीच दुसरी पेटी बसवली तर?" हे म्हणाले. "निम्म्याचा निम्मा. गाडी मुंगीच्या पावलाने चालेल. क्लच एकदाच दाबायचा, निघताना. मग घाटापर्यंत मांडी घालून बसलो तरी चालेल. आता सांग, यात श्रम कुठे आहेत?"

"आणि ते बसवायचे श्रम?"

"ते मिस्त्री करेल. मी खुर्चीत बसून बघेन."

खुर्चीत कसले बसताहेत! मिस्त्री खाली शिरला की पाचव्या मिनिटाला हेही खाली. मी बाहेर येऊन पाहावं तर खुर्ची रिकामी आणि गाडीखालून चार पाय बाहेर आलेले. त्यातले ओळखीचे दोन धरून मी ओढायची. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट कापून आखूड करून आणला, सांगाड्याला नवी आडवी पट्टी जोडली, दुसऱ्या पेटीच्या दांड्यासाठी केबिनच्या तळाला भोक पाडलं. श्रावण संपता संपता दोन पेट्या एकीमागे एक बसल्या आणि केबिनमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे उभे राहिले.

चाचणी घेतली ती बंदच्या दिवशी. कलकत्त्याचा बंद ज्याने पाहिला नाही त्याला ते शहर सांगून कळणार नाही. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. ट्रामचे रूळ नुसते उन्हात चकाकत पडलेले. ह्यांनी दोन्ही दांडे ओढले, क्लच सोडला, आणि दार उघडून सरळ खाली उतरले.

गाडी चालत होती.

आत कुणी नाही. स्टिअरिंग आपलं आपण जरा थरथरत होतं. हे शेजारून हात मागे बांधून चालत होते. मध्येच थांबले, आमच्या फाटकाशी येऊन माझ्या हातून चहा घेतला, सावकाश प्यायले आणि पुन्हा चार पावलं चालून तिला गाठलं. वाटेत एक फुटकी वीट होती. गाडीने चाक तिच्यावर टेकवलं, चढली, उतरली. ना वेग वाढला, ना कमी झाला. गल्लीच्या तोंडाशी बसलेला पानवाला उठून उभा राहिला आणि "भूतेर गाडी!" म्हणत आत पळाला. हे पोट धरून हसले.

मला हसू आलं नाही. मला ती गाडी आवडेना. थांबायला नको, दमायला नको, कुणी असलं काय, नसलं काय, तिला सारखंच. रात्री मी सांगून टाकलं, विसर्जनाला मी तुमच्या शेजारी बसणार. नाहीतर जायचं नाही.

"तुझं बरोबर आहे," हे म्हणाले, आणि एकदाच काय ते खरंच तसं केलं.

अनंत चतुर्दशीला उकाडा मी म्हणत होता. मागे गणपती, त्याच्याभोवती मंडळाची सगळी पोरंटोरं. पुढे लेझीम, तिची म्होरकी आमची सरोज. गाडी अमेरिकन, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. हे डावीकडे बसलेले, डोक्याला फेटा, डोळ्यांवर काळा गॉगल. मी उजवीकडे, मांडीवर फिरकीचा तांब्या. मधे ते तीन दांडे. भवानीपूर सोडलं, चौरंगी लागली. एका बाजूला उंच इमारती, दुसऱ्या बाजूला मोकळं मैदान. गाडी लेझीमच्या मागून अशी चालली होती, जणू तीही ताल धरून होती. मंडळाचा सेक्रेटरी श्यामकांत, ह्यांना सख्ख्या भावासारखा, अधूनमधून गाडीच्या पायरीवर चढून कौतुक करून जायचा. ह्यांचा चेहरा कसा फुलला होता! इतक्या महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. आपण उगाच भ्यालो, असं मला वाटलं.

म्युझियम मागे पडलं तेव्हा हे म्हणाले, "बघ, क्लचला पायसुद्धा लावला नाही मी." आणि मग, "प्रेमा, पाणी दे."

तांब्याची फिरकी घट्ट बसली होती. मी पदर धरून ती फिरवली, वाटीत पाणी ओतलं आणि वळले. ह्यांचं डोकं मागच्या फळीला टेकलं होतं. उजवा हात स्टिअरिंगवरून सुटून आमच्या दोघांमध्ये पडला होता. डावा मात्र तसाच अडकलेला. मी ओली बोटं ह्यांच्या नाकाशी धरली. धरून ठेवली. पुन्हा धरली.

मला कळलं. त्याला डॉक्टर लागत नाही.

गाडी थांबली नाही. पुढे लेझीम, मागे 'मोरया', आणि गाडी त्याच पावलाने चाललेली. इंजिन बंद करायचा खटका ह्यांनी मला दाखवून ठेवला होता. हात पुढे केला की झालं. मी ओरडले असते तर माणसं धावली असती. मी ओरडले नाही. नंतर लोकांना मी सांगितलं, गणपती अर्ध्या रस्त्यात, मागे एवढी पोरं, विघ्न कसं आणू? सगळ्यांनी वाखाणलं मला. पण खरं सांगू? गणपती माझ्या डोक्यातच नव्हता. गाडी चालत होती, हे तिच्यात बसले होते, मी ह्यांच्या शेजारी बसले होते. ती थांबली की मला खाली उतरावं लागणार होतं, आणि खाली उतरणारी बाई विधवा असणार होती. मला उतरायचं नव्हतं.

ह्यांचा उजवा हात उचलून मी त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. मान कलंडू नये म्हणून डावा हात त्यांच्या खांद्यामागून घातला आणि उजव्या हाताने स्टिअरिंग धरलं. सतरा वर्षांच्या संसारात चारचौघांत मी ह्यांच्या खांद्यावर हात टाकला नव्हता. सरोजने मागे वळून पाहिलं आणि लेझीम वर करून ओरडली, "अगं बाई! प्रेमलता! आज अगदी गळ्यात गळा!" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. काय म्हणायचं ते म्हणा, मी हसले.

श्यामकांत पायरीवर चढला. "दादा, पोलीस एस्प्लनेडला डावीकडे वळायला सांगतोय."

"ऐकलं त्यांनी," मी म्हणाले.

"दादा बोलत का नाहीत?"

"तुमच्या त्या ढोलाने डोकं उठलंय त्यांचं. बोलायला लावू नकोस."

तो जीभ चावून उतरला.

एस्प्लनेडच्या वळणावर मी स्टिअरिंग ओढलं. हलेना. एवढी जड गाडी, माझा एक हात. समोर माणसांनी भरलेली ट्राम उभी, खिडक्यांतून लोक हात जोडत होते, आणि आम्ही सरळ तिच्यावर चाललो होतो. "अहो," मी हळूच म्हणाले, "वळवा ना." का म्हणाले, ठाऊक नाही. सवयीने म्हणाले असेन. आणि माझ्या हाताखालून चाक फिरलं. मी जोर लावला नव्हता. हलकं, गुळगुळीत फिरलं, पुरतं वळण घेतलं आणि सरळ झालं. मला वाटलं, अशा वेळी माणसाला बळ येतं म्हणतात, तसं आलं असेल.

ईडन गार्डन गेलं. नदीचा वास आला. घाटाच्या अलीकडे बंदराच्या मालगाडीचे रूळ रस्त्याला आडवे जातात. लेझीमवाल्या रूळ ओलांडून गेल्या आणि लाल बावटा घेतलेला माणूस मध्ये येऊन उभा राहिला. इंजिनाची शिटी ऐकू आली. मागे पोरं नाचत होती. माझं काही होवो, ती पोरं दुसऱ्यांची होती. मी स्टिअरिंग सोडलं आणि खटक्याकडे हात नेला.

हात पोचायच्या आधीच गाडी थांबली.

इंजिन चालूच होतं. गाडी नुसती उभी होती, जशी हे तिला उभी करत तशी. समोरून मालगाडी धडधडत गेली. मी खाली पाहिलं. दुसऱ्या पेटीचा दांडा मधोमध, न्यूट्रलला आला होता. आणि ह्यांचा हात, मी स्वतः गुडघ्यावर ठेवलेला हात, त्या दांड्याच्या मुठीवर होता.

शेवटचा डबा गेला. बावटा खाली झाला. गाडी निघाली. गिअर टाकताना कुणाचाही जरा तरी कर्र असा आवाज होतो. ह्यांच्या हातून कधी होत नसे. तेव्हाही झाला नाही.

मी भ्याले का? नाही. हे लिहिताना अंगावर काटा येतोय, पण तेव्हा मी ह्यांच्या त्या हातावर माझा हात ठेवला. हात गार होता.

घाटाच्या तोंडाशी गाडी उभी राहिली. तेव्हाही ती मी उभी केली नाही. पोरं उड्या मारून उतरली, गणपती खांद्यावर गेला, सगळे पाण्याकडे धावले. केबिनमध्ये आम्ही दोघंच उरलो. इंजिन घुमत होतं, आणि त्याच्या थरथरीने ह्यांची छातीही थरथरत होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, श्वास चाललाय. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

थोड्या वेळाने श्यामकांत ओल्या धोतराने धावत आला. "दादा, काय चालवलीत गाडी! मानलं! इंजिन बंद करतो, उगाच पेट्रोल जळतंय." आणि खिडकीतून हात घालून तो खटक्याकडे वाकला.

मी त्याचं मनगट घट्ट धरलं. "राहू दे रे," मी म्हणाले. "चालू राहू दे अजून जरा."

त्याचा दंड ह्यांच्या छातीला लागला होता. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. हात हळूच काढून घेतला, दाराला पाठ लावून उभा राहिला, आणि कुणी प्रसाद घेऊन आलं की सांगत राहिला, दादा दमलेत, येतील.

पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू होतं. मग मी रडले.