बसेल तो राजा

मी एक घडीची लोखंडी खुर्ची. नाटकात मला सिंहासन म्हणतात. दोन्ही नावे लोकांनी दिलेली आहेत. माझा धर्म एवढाच, की जो टेकेल त्याचा भार मुकाट्याने सोसावा. यापलीकडची भक्ती मला साधली नाही.

अकरा वर्षे मी एका सभागृहाच्या चौथ्या रांगेत भाषणे ऐकली. पुढे एक पाय वाकला आणि मी अडगळीत गेले. तेथून मला मास्तरांनी उचलले. त्यांची संगीत नाटक मंडळी आहे, रंगमंच नाही. त्यांनी पाय ठोकून सरळ केला, त्यांच्या सुनेने मला सोनेरी रंग दिला. रंग कमी पडल्यामुळे पाठीमागून मी अजून खुर्चीच आहे.

टपाल कचेरी, बसस्थानक, मंडई, जिथे माणसे नाइलाजाने थांबलेली असतात तिथे आमची मंडळी जाऊन गाते. अशा ठिकाणी रिकामी खुर्ची दिसली की कोणीतरी बसतेच. मास्तरांचा दंडक आहे, की बसलेल्याला उठवायचे नाही. जागा त्यांची, आपण पाहुणे. बसेल तो राजा. राजाची भूमिका करणारे निवृत्त गुरुजी मग त्याच्या मागे उभे राहून राजाचे संवाद म्हणतात. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून हा दंडक त्यांना फारसा पटलेला नाही.

एकदा आम्ही रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात गेलो. मुख्य परिचारिकेने बजावले होते, की ढोलकी नको आणि नाटकात कोणी मरायला नको. मास्तरांनी ढोलकी घरी ठेवली.

बाकडी भरलेली होती. पहिले पद सुरू होण्याआधीच एक बाई माझ्यावर येऊन बसल्या. मांडीवर डबा, मुठीत कागद. आत त्यांच्या यजमानांच्या हृदयावर शस्त्रक्रिया चालू होती आणि त्या सकाळपासून उभ्याच होत्या. इतका हलका देह आणि इतके जड बसणे मी पूर्वी अनुभवले नव्हते.

नाटकात एका नावाड्याला कैद झालेली असते. मास्तरांची सून नावाड्याची बायको होऊन बाईंपुढे गुडघे टेकून गायली, की माझ्या धन्याला सोडा, घरी नेऊ द्या. पद संपले. गुरुजींनी 'शिक्षा कायम' म्हणायला तोंड उघडले, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सोडला. घेऊन जा त्याला घरी."

प्रधान झालेले शिंपी वाकून कुजबुजले, "बाई, आत्ताच नाही सोडायचं. पुढे दोन अंक आहेत."

"नाटकच आहे ना? मग सोडायला काय जातंय तुमचं?"

शिंप्यांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी पेटीचा भाता मिटला.

"हुकूम झाला," ते म्हणाले. "कैदी सुटला, नाटक संपलं."

सामान आवरून झाले. माझी घडी मात्र घालता येईना, कारण बाई उठल्या नव्हत्या. दंडक तो दंडक. राजा, प्रधान, पहारेकरी आणि सुटलेला नावाडी पोशाखासकट जमिनीवर बसून राहिले. गुरुजींचे ओठ हलत होते; देवाचे नाव घेत असावेत. मध्येच बाईंनी शिंप्यांना विचारले, "काय केलं होतं हो त्याने?"

"काही नाही, बाई. निर्दोष आहे तो. पण ते तिसऱ्या अंकात कळतं."

चार वाजता परिचारिका दारात आली आणि सात नंबरच्या रुग्णाबरोबर कोण आहे, असे तिने विचारले. बाईंनी मुठीतला कागद वर धरला. राजा, प्रधान, पहारेकरी, नावाडी, सगळे उभे राहिले. परिचारिकेने एकेकाचा मुकुट आणि पागोटे पाहून घेतले.

"शुद्धीवर आलेत, बोलतायत. पण आत एकानेच यायचं."

मास्तर बाईंना वाट देत बाजूला सरले. "महाराज, तुम्ही जा."

तेव्हापासून गुरुजींनी 'शिक्षा कायम' हे वाक्य गाळले आहे. त्या जागी ते थांबतात आणि बसलेल्याकडे पाहतात. लोक बहुधा सोडतातच. त्यामुळे दुसरा अंक आता कोणाला धड पाठ नाही. माझ्या बैठकीवरचा रंग उडून लोखंड दिसू लागले आहे. त्याचे मला दुःख नाही. वाचकहो, तुम्ही कुठे ताटकळत असाल आणि समोर कोणी गाऊ लागले, तर संकोच न करता टेका. हुकूम विचारला जाईल. तो मात्र विचार करून द्या, कारण ही माणसे तो पाळतात.