तिच्या बोटाचा वेग

मित्रांनो, मी खेळासाठी जन्मलेला, पण उभ्या आयुष्यात एकही खेळ न पाहिलेला एक जुना माउस आहे. मला वायर नाही. पाठीवर दोन बटणे आहेत, मध्ये एक चाक आहे, डाव्या कुशीला आणखी दोन बटणे आहेत आणि पोटाखाली एक लहानसे सरकते बटण आहे. ते पुढे सरकवले की मला वाचा फुटते, मागे ओढले की ती जाते; कळते मात्र सगळे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एका यंत्राच्या लोखंडी बोटाने आमची बटणे इतकी टिचकावली की माझ्या भावंडांपैकी काही तिथेच दगावली. मी टिकलो. मग मला एका काळ्या खोक्यात बसवले. खोक्यावर मुखवटा घातलेला, बंदूक रोखलेला सैनिक होता. त्याच्याकडे बघून मला वाटले, आपण आता रणांगण गाजवणार.

दुकानाच्या काचेत मी बरेच दिवस बसून होतो. एक दिवस एक उतारवयाचा माणूस आत आला. त्याच्या अंगाला वाफेचा आणि साबणाचा वास होता, आणि हातांवर भाजल्याचे जुने डाग होते.

"सगळ्यात हलका माउस दाखवा," तो म्हणाला.

"कुठला गेम खेळणार, काका?" दुकानदाराने विचारले.

"गेम नाही. बायकोला बोलायचंय."

दुकानदाराला हसू आवरेना. "बायकोला बोलायला माउस लागतो होय? आमचीला तर काहीच लागत नाही. सकाळी जी सुरू होते ती थांबतच नाही!"

तो माणूस हसला नाही. रागावलाही नाही. "आमचीही तशीच होती," एवढेच म्हणाला.

दुकानदाराचे तोंड एवढेसे झाले. मग त्याने सगळी खोकी फोडली आणि एकेक माउस तळहातावर तोलून पाहिला. शेवटी मला उचलून म्हणाला, "हा न्या. पिसासारखा आहे. आणि बोट नुसतं हललं तरी पळतो."

असा मी त्या घरात आलो. घर वर होते आणि खाली त्यांची लाँड्री होती. तो कपड्यांना इस्त्री करायचा आणि ती गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक सांभाळायची. तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. एकदा एका गिऱ्हाइकाने शर्टाचे बटण हरवले म्हणून आरडाओरडा केला. ती म्हणाली, "बटण होतं कुठे? आणलास तेव्हाच तो उघडाबोडका होता. आम्ही धुऊन दिला, आता लग्नही लावून देऊ का?" ही गोष्ट तो माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, म्हणून मला माहीत आहे. मी तिचा आवाज कधी ऐकला नाही.

मी आलो तेव्हा तिचा आवाज गेलेला होता. अंगातले स्नायू एकेक करून झिजत जाणारा आजार तिला झाला होता. आधी पाय गेले, मग जीभ जड झाली, मग शब्द गेले. उजव्या हाताचे एक बोट आणि मनगटात थोडीशी हालचाल, एवढेच उरले होते. डोके मात्र शाबूत होते. हो म्हणायचे असेल तर ती पापणी एकदा मिटायची, नाही म्हणायचे असेल तर दोनदा. पण हो आणि नाही एवढ्यात माणूस मावत नाही, आणि ही बाई तर मुळीच मावणारी नव्हती.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावी नोकरी करायची. तिने मिटता येणारा एक लहान संगणक आणून ठेवला होता. त्याच्या पडद्यावर मोठी मोठी अक्षरे होती. अक्षरावर बाण नेऊन टिचकी मारली की ते अक्षर वर उमटायचे. पण आधीचा माउस जड होता आणि त्याची वायर तिचे मनगट मागे ओढायची. एक शब्द लिहिता लिहिता तिला घाम फुटायचा.

माझी चाचणी झाली त्या दिवशी तिघेही धास्तावलेले होते. मुलीने मला आईच्या हाताखाली ठेवले.

"आई, हलव बघू जरा."

बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन धडकला. पुन्हा हलवले, दुसऱ्या कोपऱ्यात. टेबलावर हात टिकेना. उशीवर ठेवले तर माझ्या पोटातल्या दिव्याला खालचे काही दिसेना. स्टीलच्या ताटावर ठेवले तर मी चकाकीने बावचळलो. मुलगी रडकुंडीला आली.

बाप खाली गेला. नव्या शर्टाला घडीत ताठ ठेवण्यासाठी जो पुठ्ठा घालतात, तो घेऊन आला. त्याच्यावर जुन्या चादरीचे कापड ताणून त्याने कडेने टाके घातले आणि इस्त्री अशी फिरवली की सुरकुती औषधालाही सापडू नये. तो पुठ्ठा त्याने तिच्या मांडीवर ठेवला. मी त्याच्यावर लोण्यावरून गेल्यासारखा सरकलो.

मग मुलीने माझा वेग बसवायला घेतला. "एवढा? अजून वाढवू? आता?" आई पापणीने सांगत होती. शेवटी असा वेग बसला की बोट तांदळाच्या दाण्याएवढे हलले तरी बाण पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा. दुसऱ्या कुणाच्या हाताला तो वेग झेपला नसता. मित्रांनो, तो वेग संगणकात नसतो. तो माझ्या पोटात साठवलेला आहे.

मग तिने लिहायला घेतले. बापलेक पडद्याकडे डोळे लावून बसली. आधी क आला, मग काना, मग त्यावर चंद्र. ती लिहीत होती, "कॉलर बघ तुझी."

नवऱ्याने मान वाकडी करून पाहिले. साऱ्या गावाच्या कॉलरी दाबणाऱ्या त्या माणसाची स्वतःची कॉलर चुरगळून कानाकडे वळली होती. मुलगी हसत सुटली. तोही हसला. मग पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ त्याने नळ सुरूच ठेवला.

त्यात आणखी एक गोष्ट होती. लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी 'अहो, तुम्ही' सोडून हाक मारली नव्हती. पण 'तुम्ही' लिहायला बोटाला फार कष्ट पडायचे. 'तू' झटकन व्हायचे. म्हणून ती अरेतुरेवर आली. तो म्हणाला, "म्हातारपणी माझा मान गेला की गं." तिने लिहिले, "होता कधी?"

ते माझे सुखाचे दिवस. पडद्याच्या कडेला मुलीने घंटेचे एक मोठे चित्र करून दिले होते. त्यावर टिचकी मारली की खाली दुकानात नवऱ्याचा फोन वाजायचा. कूस बदलायची असेल, लाळ पुसायची असेल, नाकावर माशी बसली असेल, ती घंटा वाजवायची. तो पायऱ्या चढून यायचा. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "पूर्वी तोंडाने हाका मारायची, आता बोटाने मारते. सुटका नाही."

आजार मात्र थांबला नव्हता. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जाताना तिच्यासमोरच नवऱ्याला म्हणाले, "आज ना उद्या श्वास कमी पडेल. तेव्हा गळ्याला छिद्र पाडून यंत्र लावता येतं. लावलं तर जगतील, पण यंत्रावरच. नाही लावलं तर त्रास होऊ नये एवढं आम्ही बघू. कुठलं हवं ते त्यांनी स्वतः सांगायचं. शुद्ध हरपल्यावर विचारता येणार नाही."

त्यानंतर तो रोज विचारायचा. ती लिहायची, "विचार करते."

"त्यात विचार काय करायचा? हो म्हण. मी आहे ना सगळं करायला."

"तू आहेस हाच घोळ आहे," तिने लिहिले.

तो चिडला. "मग पापणीने सांग. हो की नाही?"

तिने दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले आणि तो खोलीबाहेर जाईपर्यंत उघडले नाहीत.

मग ती दुपार आली. जेवण झाल्यावर तिने त्याला बसायला सांगितले. "आज सांगते. मोठं आहे. बस." तो खुर्ची ओढून बसला. तिचे बोट त्या दिवशी फार मंद चालत होते. तिने लिहिले, "यंत्राचं म्हणशील तर"

तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडले. लाँड्री उघडी होती आणि एक गिऱ्हाईक जळलेला सदरा हातात घेऊन तमाशा करत होते.

"आलोच," तो म्हणाला. "याला वाटेला लावतो आणि येतो. तोपर्यंत आराम कर."

त्याने तिचा हात हलकेच उचलला, मला उलटे केले, पोटाखालचे बटण मागे ओढले, मला परत तिच्या बोटाखाली ठेवले आणि गेला.

मित्रांनो, त्याच्या मनात काही नव्हते. लाँड्रीत इस्त्री चालू ठेवून जागेवरून उठले तर दुकानाची राख होते. म्हणून 'हात उचलला की बटण बंद' हा तिनेच त्याला घालून दिलेला नियम होता. नवी नवरी होती तेव्हापासून ती त्याच्यामागे उभी राहून तो पाळून घ्यायची. तीस वर्षांत तो त्याच्या हाडात मुरला होता. उठताना तो पंखा बंद करायचा, दिवा बंद करायचा, शेगडी बंद करायचा. त्या दुपारी घाईत त्याने मला बंद केले. आपण काय केले हे त्याच्या हाताला कळले, त्याला कळले नाही.

बंद माउसची टिचकी वाजते. ती फक्त कुठे पोहोचत नाही. तिने आधी बाण हलवून पाहिला. तो 'तर' मधल्या र या अक्षरावर मेल्यासारखा उभा होता. मग तिने टिचकी मारली. थांबली. पुन्हा मारली. मग तिचा श्वास तुटायला लागला आणि ती भराभर मारू लागली, एवढे बळ तिच्या बोटात कुठून आले ते मला कळले नाही. मला ते सगळे कळत होते, पण मी त्यातले काहीच पुढे देऊ शकत नव्हतो.

खाली सदऱ्याचे भांडण लांबले. मग तो गठ्ठे बांधत बसला. शेजारच्या दुकानदाराला त्याने सांगितले म्हणे, "आज घंटा नाही. जरा डोळा लागला असेल तिचा."

वर आला तेव्हा तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. "अगं! अगं, बघ ना माझ्याकडे!" एवढेच त्याला सुचले. तिला दवाखान्यात नेण्यासाठी उचलले तेव्हा मी पुठ्ठ्यावरून घरंगळून खाली पडलो.

पुढचे मी मुलीच्या पिशवीतून पाहिले. बातमी कळताच ती धावत आली आणि आई शुद्धीवर आली तर बोलेल म्हणून घरी जाऊन मला आणि संगणकाला दवाखान्यात घेऊन आली. तोवर डॉक्टरांनी बापाला विचारून झाले होते, ते मला नंतरच्या बोलण्यातून कळले.

"यंत्र लावायचं का?"

"ती सांगणार होती," बाप म्हणाला. "आजच सांगणार होती."

"आता तुम्हालाच सांगावं लागेल. वेळ नाही."

तो भिंतीला टेकला. "लावा," म्हणाला.

मुलीने बाहेरच्या बाकावर संगणक उघडला. पडद्यावर तिच्या आईचे अर्धे वाक्य तसेच होते. तिने मला हलवले. काही झाले नाही. "चार्जिंग संपलं की काय?" म्हणत तिने मला उलटे केले आणि तिचा हात थबकला.

"बाबा, हा खालून बंद आहे. कुणी बंद केला?"

बापाने माझ्याकडे पाहिले. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "मी उठलो ना," तो म्हणाला. "उठलो आणि..."

मुलगी त्याला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते, असे मला वाटते. तिने मला सुरू केले आणि आत नेऊन आईच्या बोटाखाली ठेवले. काही दिवस मी तिथे जागा होतो. यंत्र श्वास देत होते आणि काढून घेत होते. बोट हलले नाही. एका सकाळी परिचारिकेने ते माझ्यावरून उचलून बाजूला ठेवले.

आता मी पुन्हा त्या घरात आहे. आईचे दिवसकार्य झाल्यावर मुलगी परत जायला निघाली तेव्हा बाप पहिल्यांदाच माझ्यावर हात ठेवून बसला होता. इस्त्री दाबायची सवय असलेला तो जड हात. बाण पडद्यावर सैरावैरा धावत होता.

"बाबा, वेग कमी करून देते. एवढ्यावर तुम्हाला नाही जमायचं."

"राहू दे. तिचा आहे तो."

तो रोज दुपारी बसतो. हात जवळजवळ न हलवता हलवायला तो शिकतो आहे. पडद्यावर "यंत्राचं म्हणशील तर" तसेच आहे. एके दिवशी त्याने त्यापुढे "लाव" असे लिहिले. खूप वेळ बघत बसला आणि पुसले. दुसऱ्या दिवशी "नको" लिहिले. तेही पुसले. दोन्ही शब्द त्या वाक्यात चपखल बसतात. दोन्हींपैकी तिचा कुठला, हे त्याला ठाऊक नाही, मलाही नाही. ती मोठे काही सांगणार होती, एका शब्दाचे नव्हेच.

माझे डावे बटण आता झिजले आहे, कधी टिचकी लागते, कधी लागत नाही. एक दिवस मी कायमचा बंद पडेन. माझी धूळ पुसा, मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी हळू बोलणारे असेल, अडखळत बोलणारे असेल, बोलण्यासाठी तुमच्या हातावर अवलंबून असेल, तर खालून कितीही हाका येऊ देत. त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.