घोड्याच्या घरात

पहिली चाल, वजिरापुढचं प्यादं दोन घरं. दुसरी, शेजारच्या उंटाचं प्यादं दोन घरं, आणि तेही मला फुकट खायला ठेवलेलं. असली पुस्तकी सुरुवात जंगलातल्या पोरीला शिकवली कोणी? मी ते प्यादं खाल्लं नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास नाही.

चंद्रपुरात दोन जिल्ह्यांची स्पर्धा होती. हा शेवटचा डाव, जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार. मी माजरीच्या खाणीतला कारकून, नऊ वर्षं इथवर येऊन हरलेला. समोर गडचिरोलीकडची सोमारी, वय एकोणीस. तिचा मामा इसरू खिडकीबाहेर उभा. ती सारखी त्याच्याकडे बघायची आणि तो तीन बोटं दाखवायचा. तीन म्हणजे काय? तिसरी रांग? तिसरं घर? माझं डोकं भणभणायला लागलं.

शेवटी पटावर फारसं काही उरलं नाही. माझं प्यादं वजीर व्हायला एक घर बाकी होतं, पण तिचं आधी शेवटच्या घरात पोचलं. तिथं प्याद्याचा वजीर, घोडा, हवं ते मोहरं घेता येतं. आता ती वजीर घेणार, माझं प्यादं अडवणार आणि मी संपलो.

तिनं घोडा घेतला.

पुढं मात दिसल्याशिवाय हातचा वजीर कोण सोडतो? हे माणसाचं डोकं नव्हेच, मोबाइलचं! संतापात मी पटाकडे धड बघितलंही नाही. राजा आडवा करून डाव सोडला आणि पंच साधनाबाईंना हाक मारली.

"हिची झडती घ्या बाई. मामा इशारे करून राह्यला!"

बाईंनी झडती घेतली. काही निघालं नाही. इसरूला आत बोलावलं तर तो घाबरलाच.

"तीनची बस हाय जी. त्याच्यानंतर गावाले बस नाई."

"अन् तू घोडा काऊन घेतला?" बाईंनी सोमारीला विचारलं.

"घोड्याच्या घरात गेलं त घोडाच होते ना? आमच्या गावात तसंच खेळते."

आधीच्या एकाही डावात तिचं प्यादं शेवटच्या घरापर्यंत गेलं नव्हतं.

बाईंनी पट नीट पाहिला. "देवानंदभाऊ, घोडा तुमच्या प्याद्याले अडवूच शकत नव्हता. तुमचा वजीर होत होता. डाव तुमचाच होता."

मी आता कुठं पट निरखला. सोमारीनं माझा राजा उचलून उभा केला. "मंग खेळू ना भाऊ. बस गेली त गेली."

"नाई," बाई म्हणाल्या. "डाव सोडला, म्हणजे सोडला."

तिनं राजा पुन्हा हळूच आडवा ठेवला.

"राज्यात गेली की वजीर घेजो," मी म्हणालो. तिच्याकडे बघायची मात्र मला लाज वाटत होती.